साहेबांची गरम गादी

साहेब झोपले होते आणि सगळं घर चोरपावलांनी चालत होतं.

साहेब म्हणजे ताईचं बाळ. जन्माला येऊन जेमतेम आठवडा झालेला, पण घर त्यांच्याच हुकमावर चालायला लागलं होतं. पाळण्यात ठेवलं की भोकाड, आजीच्या मांडीवर भोकाड, बापाच्या, म्हणजे भावजींच्या, खांद्यावर तर विचारूच नका. कालपासून मात्र साहेबांना मनासारखी जागा सापडली होती. ताईच्या छातीवर पालथं टाकलं की गप्प. थेट घोरायचेच.

"आईची ऊब ती आईची ऊब," भावजी कुजबुजले. कितीतरी दिवसांनी त्यांना चहा गरम असताना प्यायला मिळत होता.

ताई डोळे मिटून पडली होती. साहेबांपुरती छाती सोडून अंगावर शाल, शालीवर जाड पांघरूण, खिडकी बंद.

"उकडत नाही का गं तुला?" धाकटीनं विचारलं.

"थंडी वाजतेय."

"दूध भरलं की कणकण येतेच," दाराशी कपड्यांच्या घड्या घालत आई म्हणाली. "मलाही आली होती तुमच्या वेळी. आणि तू तिथे लुडबुड करू नकोस, साहेब उठतील."

पण धाकटीला साहेब हवेच होते. शाळेतून आल्यापासून तिचा नंबरच लागला नव्हता. आईची पाठ वळल्याबरोबर तिनं मांजरीनं पिल्लू उचलावं तसं बाळ अलगद उचललं. एक हात पोटाखाली, दुसरा पाठीवर. आणि ती तशीच उभी राहिली.

"आई, साहेबांचं पोट तापलंय."

झालं. भावजींच्या हातातला चहा सांडला. आईनं अर्ध्या घड्या तिथेच टाकल्या. थर्मामीटर सापडेना, सापडला तर त्याचं टोपण निघेना. मध्येच साहेब जागे होऊन खच्चून ओरडायला लागले. थर्मामीटर त्यांच्या काखेत एकदाचा वाजला, तेव्हा कळलं की ताप नाहीच.

"उगाच जीव घेतलास सगळ्यांचा," भावजी सांडलेला चहा पुसत म्हणाले.

"अहो भावजी, पण पोट खरंच गरम होतं. पाठ गार आणि पोट तेवढं गरम. असं कुणाचं असतं..."

बोलता बोलता धाकटी थांबली. एवढा गोंधळ चालला होता आणि ताईनं डोळे उघडले नव्हते. एरवी बाळ नुसतं कुरकुरलं तरी ताडकन उठणारी ताई.

धाकटीनं थर्मामीटर पुसला आणि ताईच्या काखेत धरला. तो वाजल्यावर आकडा वाचला आणि थर्मामीटर भावजींच्या हातात दिला. भावजींनी वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"दुधाचाच असेल," आई म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

"ताई, अजून काय होतंय तुला?"

ताईनं आधी भावजींकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "ओटीपोटात दुखतंय. आणि अंगावरून जातंय ना, त्याला घाण वास येतोय. मला वाटलं, मीच नीट स्वच्छ राहत नाहीये."

"मग बोलायचं नाही का?"

"तुम्ही सगळे इतके खुशीत होतात. आणि हाही झोपत होता."

आईनं पायात चपला सरकवल्या. दोन्ही वेगवेगळ्या जोडांच्या होत्या, पण ते तिला सांगायची हिंमत कुणाची झाली नाही. "गाडी बोलवा," ती म्हणाली.

"गर्भाशयात जंतूंचा संसर्ग झालाय आणि तो रक्तात पसरायला लागलाय," हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं. "बाळंतिणीला ताप आला की दुधाचा म्हणून घरी बसायचं नसतं. आत्ता आणलंत ते फार चांगलं केलंत." आईनं मान डोलावली. आईला असं वाद न घालता ऐकून घेताना धाकटीनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तिला खरी भीती वाटली ती तेव्हा.

मग सलाईन, इंजेक्शनं, पुन्हा सलाईन. ताई कधी बडबडायची, कधी नुसतीच पडून राहायची. एका सकाळी मात्र ती उशांना टेकून बसली, ताटातलं सगळं संपवलं आणि वर म्हणाली, "काय गं, केस विंचरायची बंदी आहे का तुझ्या शाळेत?" धाकटीला एवढा आनंद झाला की तिनं ते केस आणखी विस्कटून दाखवले.

आई आत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं ताईच्या कपाळाला हात लावला. सिस्टर आल्या, त्यांनीही लावला. मागोमाग भावजी, खांद्यावर साहेब भोकाड पसरलेले. त्यांनी मोकळा हात सरळ ताईच्या कपाळावर ठेवला.

"माझं कपाळ म्हणजे दाराची बेल झालीय," ताई म्हणाली. "येईल तो आधी दाबून बघतो."

सगळे हसले. साहेब आणखी मोठ्यांदा रडायला लागले. भावजींनी हात काढला नाही.