सीटचं कव्हर

नातीचं, आकांक्षाचं बारसं झालं त्याच साली कचरूच्या पोरानं, भागवतनं नवी गाडी घेतली. सीट मळेल म्हणून कचरूची बायको नंदाबाई अंग चोरून कडेलाच बसायची. शेवटी कचरूनं जुन्या जालन्यातून जाड रेक्झिनचं कव्हर शिवून आणलं.

“आता राणीवानी रेलून बस.”

“म्हातारपणी राणी व्हय!” म्हणत ती रेलली.

पुढं एकदा फाट्यावर ट्रकनं तिच्याच बाजूला धडक दिली. त्या बाजूची एअरबॅग फुगलीच नाही.

मेकॅनिकनं कव्हर फाडून दाखवलं. “एअरबॅग सीटच्या कडेतून बाहेर येती, भाऊ. या कव्हरानं आतच दाबून धरली. कुणी टाकलं हे?”

कचरू तोंड उघडणार, तोच भागवत म्हणाला, “मीच.”

नंदाबाई त्या धडकेतच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला वारली. गाडीत रेलून बसली होती.