ठोक्यांची वही

सासूबाई नावाजलेल्या सुईण, म्हणून तिनं बाळंतपण घरीच करायचं ठरवलं. आठव्या महिन्यात पोटात दोन्हीकडून लाथा बसू लागल्या. “आई, जुळी तर नाहीत ना?” “अगं, एकाला दोन पाय असतातच की!” पोटाला नळी लावून ठोके ऐकत सासूबाई हसल्या. एकदा त्यांची तपासणीची वही तिच्या हाती लागली. तिच्या नावापुढे दर आठवड्याला ठोक्यांचे दोन आकडे: डावीकडचा, उजवीकडचा. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. त्यालाही ठाऊक होतं. “जुळी म्हटलं असतं, तर तू दवाखान्यात गेली असतीस,” सासूबाई कळवळल्या. “नातवंड माझ्याच हातांत यावं, एवढीच हौस होती गं.” तिनं गाडी बोलावली. सासूबाई अवजारांची पेटी घेऊन मागोमाग धावल्या. तिनं पेटी काढून घेतली, उंबऱ्याच्या आत ठेवली. “दवाखान्यात दाराबाहेर बसायची तयारी असेल, तर या.”