लिहून द्या

“टेन्शन आहे,” डॉक्टर म्हणाले. तिने अजून निम्मंही सांगितलं नव्हतं.

“पुढचं ऐका,” ती म्हणाली.

ती पंखे, मिक्सर दुरुस्त करायची. सगळा बाजार तिला मिस्त्रीणबाई म्हणायचा. दुकानाला कुलूप लावून, दवाखान्याचे दोन जिने एका दमात चढून ती आली होती. आज डॉक्टरांचं निदान लेखी घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, हे तिने घरीच ठरवलं होतं.

“सकाळी उठल्या उठल्या डोकं फुटायला येतं. उलटी झाली की उतरतं. डाव्या हातातून कप सुटतो. एका माणसाची दोन माणसं दिसतात.”

“झोप लागते?”

“लागते. डोकं दुखून जाग येते.”

“म्हणजे ताणच. घरात कटकटी असतील. बायकांना होतं असं. मन रमवा कशात तरी, मावशी.”

“हात नाही लावणार? डोळे नाही बघणार?”

“वीस वर्षं हेच करतोय. नुसतं बघून कळतं.”

“पंखा बंद पडला तर मी उघडून बघते. पंख्याच्या घरी कटकटी असतील, असं गिऱ्हाइकाला सांगत नाही. सांगितलं तर तोच पंखा माझ्या डोक्यात घालेल.”

दारातला कंपाउंडर हसला. डॉक्टरांनी बघितल्यावर कामाला लागला.

“बाहेर लोक खोळंबलेत,” डॉक्टर म्हणाले. “गोळ्या लिहून देतो.”

“डोक्याचा फोटो काढायला लागेल का?”

“काही गरज नाही.”

“मग गरज नाही असं लिहा. मी काय काय सांगितलं तेही लिहा. खाली सही, तारीख.”

“कशाला?”

“कागद मिळाला की उठते.”

ती हलेना. बला टळावी म्हणून डॉक्टरांनी लिहायला घेतलं. सकाळची डोकेदुखी, उलट्या, डाव्या हातात जोर नाही, दोन दोन दिसतं. मानसिक ताण. तपासणीची गरज नाही. तिने उलट्या बाजूने एकेक शब्द वाचून घेतला. सही झाली, शिक्का बसला.

“नाव काय तुमचं?” डॉक्टरांनी आता विचारलं.

“माझं कशाला? मी ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “धाकट्या बहिणीने गेल्या वर्षी इथेच बसून हेच सांगितलं होतं, तुम्ही हेच म्हणाला होतात, कागदावर काही नव्हतं. डोक्यातली गाठ ती गेल्यावर सापडली.”