सागवानाचा पंख

"साहेब, तुम्ही याच्यातूनच पडले होते का हो?"

माजरीच्या मैदानावर उभ्या असलेल्या ग्लायडरकडं बोट करून शकूनं विचारलं. तिकडं कुंपणाला टेकून कमळा आणि वर्गातल्या दोघीतिघी तोंडावर हात दाबून उभ्या. विचारून दाखव, मंग तुले मानू, असं त्यांनीच शकूला डिवचलं होतं. शकूनं विचारलं. आता शब्द काही परत गिळता येत नव्हते.

"शके!" लटारूभाऊंनी लेकीवर डोळे वटारले. बल्लारपुरात त्यांची लाकूड कापायची आरामशीन. पाठकसाहेबांचं हे बिनइंजिनाचं ग्लायडर एकदा आवाज न करता आरामशिनीवरून गेलं, तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. आज ते विकत घ्यायलाच आले होते. पण साहेबांच्या घरचा चहा पिऊन झालेला. ज्याचा चहा प्यायला, त्याच्याच वस्तूला ठोकून कसं पाहायचं? म्हणून ते नुसतेच भोवती फिरून "वा! वा!" म्हणत होते.

पाठकसाहेब रागावले नाहीत. खाणीत मोजणीचं काम करणारे हे पुण्याकडचे साहेब डाव्या पायानं लंगडायचे, आणि आता बदलीवर निघाले होते.

"पडलो होतो की," ते म्हणाले. "उतरताना उजवा पंख मोहाच्या झाडाला लागला. त्याचं टोक गेलं, माझा हा पाय गेला. पायाचं काही जमलं नाही. पंख मात्र आलापल्लीच्या सागवानानं जोडून घेतला."

लटारूभाऊंचा चेहरा असा फुलला की जणू त्यांच्याच घरच्या कुणाचं कौतुक झालं.

"सागवान! मंग पाहाचं काय राह्यलं? शकूची माय, आईकलं का? आपल्या जंगलचं लाकूड आहे त्यात. दुसरा पंख मोडन, पन हा नाई मोडनार!"

आशाबाईंनी नुसतं हुं केलं. पोरीला वर पाठवायला त्या एकाच अटीवर कबूल झाल्या होत्या. वस्तूत एवढीशीही खोट निघाली की विषय संपला. शकूला ते पक्कं ठाऊक होतं. साहेबांनी तर सांगून टाकलं होतं की सगळ्यांत हलकी शकूच, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्यासोबत तीच बसणार, बाबांचा लाकडाचा ट्रक दोर ओढणार आणि ती वर जाणार.

ग्लायडर एकाच चाकावर उभं होतं, उजवा पंख गवतावर टेकवून. शकूनं तो उचलला, दोन्ही पंख सरळ केले, बैलाची पाठ थोपटावी तसं थोपटलं आणि हात काढला. पंख हळूच उजवीकडं टेकला. तिनं हसून पुन्हा उचलला. पुन्हा उजवीकडं.

मग मात्र तिचं हसू थांबलं. धानाची कावड एका बाजूला जास्त भरली की अशीच झुकते.

"वारा आहे," लटारूभाऊ म्हणाले.

वारा होताच. तेवढंच म्हणून गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. मग चार दिवसांनी शकू ढगात आणि कमळी खाली तोंड वर करून उभी! शकूनं कुंपणाकडं पाहिलं, पंखाकडं पाहिलं.

"मंग तोंड तिकडं फिरवून पाहू ना, बाबा."

ट्रकवरच्या हमालांनी ग्लायडर उलट्या तोंडानं उभं केलं. शकूनं पंख सरळ धरले. तिनं दोन्ही हात काढले.

ग्लायडर घटकाभर तसंच उभं राहिलं. मग उजवा पंख सावकाश खाली आला आणि गवतात टेकला.

"आपलं सागवान जड आहे, बाबा," शकू म्हणाली. "एकीकडंच भार पडून राह्यला."

"सागवानात खोट?" लटारूभाऊंनी असं आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते पुढं झाले. पंखाच्या टोकावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

आशाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "झालं मंग. चाला घरी."

पाठकसाहेब लंगडत पंखापाशी आले आणि गवतातच बसले.

"उडताना हे सारखं उजवीकडं ओढायचं," ते म्हणाले. जणू ते पंखाशीच बोलत होते. "डावीकडं वळवायला डाव्या पायानं पट्टी दाबावी लागते. मला वाटायचं, माझाच डावा पाय कमी पडतो." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "इतके दिवस मी या पायाला शिव्या देत होतो."

मग त्यांनी शकूकडं मान वर केली. "निघेल ते सागवान. हलकं लाकूड पुण्याहून मागवता येतं. तोवर मी थांबेन."

पण आशाबाई ट्रककडं निघाल्यासुद्धा होत्या. लटारूभाऊ कधी बायकोच्या पाठीकडं बघत होते, कधी सागवानाकडं. कुंपणापाशी आता कुणी हसत नव्हतं.

शकूनं पंख पुन्हा उचलला आणि खांद्यावर तोलून धरला.

"माय, थांब. बाबा, तुम्ही बी आईका. हे आपन घेऊन राह्यलो. पन यातलं सागवान निंगाल्याबिगर मी याच्यात बसनार नाई."

तिनं कुंपणाकडं पाहिलं आणि आवाज चढवला.

"आन निंगाल्यावर माह्याआधी कोनी बसनार नाई!"