गोळ्या का थांबवल्या?

खुर्चीवरून नुसतं उठताना लेकीचं मांडीचं हाड मोडलं. अजून पस्तिशीही गाठली नव्हती तिने.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय ना तुमचं? त्यानंतर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. का थांबवल्या?"

लेकीच्या उशाशी बसलेली आई खाली मान घालून बोलली, "मीच थांबवायला लावल्या. बघायला येणाऱ्यांना गोळ्या दिसल्या, तर ऑपरेशनचा बोभाटा व्हायचा. लग्न ठरेपर्यंतच थांब, एवढंच म्हटलं होतं हो मी."

लेकीने आईचा हात आपल्या हातात घेतला.

"तिला तरी काय ठाऊक, डॉक्टर," ती म्हणाली, "की ते कधी ठरणारच नाही."