यादीतली चैताली

परळीतल्या बौद्ध वधू-वर सूचक केंद्राची वेबसाइट हॅक झाली, आणि ती चालवणाऱ्या पंचशीलाचे तीन दिवस त्यातच गेले. तिनं पासवर्ड बदलले, कुणीतरी घुसवलेल्या फाइली हुडकून काढल्या. जुगाराच्या जाहिराती गेल्या. एक मुलगी मात्र जाईना.

चैताली, वय बावीस. यादीत तिचा फोटो होता, पण तिची नोंद कुणी केलीच नव्हती. पुसली की दुसऱ्या क्षणाला परत हजर. सर्व्हरवाल्यांना फोन केला, तर त्यांचं एकच पालुपद, "मॅडम, आमच्याकडं सगळं ओके दिसतंय."

वैतागून तिनं सगळी साइट उडवली आणि हॅक होण्याआधीचा, महिन्यापूर्वीचा बॅकअप चढवला. चैताली होतीच. फक्त वय पंधरा, दोन वेण्या.

चिडून पंचशीलानं वर्षापूर्वीचा बॅकअप चढवला. आता फोटोत शाळेच्या गणवेशातली सहा वर्षांची पोर होती. पुढचे दोन दात पडलेले, आणि ती हसत होती.

आणखी जुना असा एकच बॅकअप उरला होता. तिनं माउसवर बोट ठेवलं, तेवढ्यात तिचा नवरा संजय दुपारचा चहा घेऊन आला. त्यानं स्क्रीनकडं पाहिलं.

"आपल्या पोरीचा फोटो काहून काढून टाकायलीस?" तो सहज म्हणाला. "शाळा सुटायची येळ झाली. जा, घिऊन ये तिला."

त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यांना मूल नव्हतं.