ब्याऐंशी ते नव्वद

“हे पान फाडा,” लेखक म्हणाला. “आत्ताच्या आत्ता.”

ग्रंथपालाने अभिप्रायाची वही छातीशी धरली. वाचनालयाचा नियम जुना होता. पुस्तक परत करताना वहीत आपलं मत लिहायचं, त्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही. लोक बिचारे ‘छान’, ‘वाचनीय’, ‘मुखपृष्ठ सुंदर’ असं काहीबाही खरडून सुटका करून घेत. दोन दिवसांवर वाचनालयाच्या वार्षिक पुरस्काराची बैठक होती आणि समिती पुस्तकांच्या आधी ही वही वाचायची. खरं सांगायचं तर पुस्तकांऐवजीच वाचायची. चार वर्षं लेखकाचं नाव शेवटच्या यादीपर्यंत येऊन मागे पडत होतं. यंदा पुरस्कार आपलाच, असं तो गावभर सांगत सुटला होता. आणि ऐन वेळी वहीत निळ्या शाईने हे लिहिलेलं:

‘पुस्तक जाड आहे. जांभया देत वाचलं. नायिका सारखी रडते, का ते तिलाही माहीत नाही. पान ब्याऐंशी ते नव्वद मात्र कुणीतरी माणसाने लिहिलंय. बाकीचं परत करते.’

“कोण ही बाई?”

“मी,” कपाटामागून आवाज आला. चौकातली शिंपीण पुढचं पुस्तक शोधत होती. तिची जीभ अशी चाले की सगळे तिला कात्रीबाईच म्हणत.

“तुम्ही कपडे शिवता ना? मग तेच करा की. साहित्यातलं काय कळतं तुम्हाला?”

“साहित्यातलं नाही कळत. शिवण कळते. झगा एकाने शिवला आणि खिसा दुसऱ्याने लावला, तर मला लांबून दिसतं. तुमच्या पुस्तकाचा खिसा झकास आहे.”

वर्तमानपत्रांच्या टेबलावरचे दोघे पेन्शनर फिस्सकन हसले. लेखकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईने उभ्या जन्मात सुई-दोऱ्यापलीकडे काही पाहिलं नाही, तिने त्याचे दोन वर्षांचे कष्ट चार ओळींत निकालात काढावेत! आणि वर खिसा झकास म्हणून शाबासकी द्यावी!

“अगं, पुस्तक दे,” तो मागे न बघता बायकोला म्हणाला.

ती समितीला द्यायच्या प्रतींची पिशवी सांभाळत दाराशी उभी होती. लेखकाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे त्याची अकराच्या अकरा पुस्तकं तिनेच सुवाच्य अक्षरात उतरवून काढली होती. छापखान्यातून आलेली मुद्रितंही तीच तपासायची. लेखक छापलेलं कधी उघडून बघत नसे. एकदा लिहिलं की मागे वळून पाहायचं नाही, हा त्याचा बाणा. मुलाखतीत तो हे आवर्जून सांगायचा.

तिने एक प्रत काढून त्याच्या हातात दिली.

“ऐका आता,” त्याने फर्मावलं आणि पान साठ उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नायिका रडत होती. तिच्या आसवांना आभाळाने साथ दिली होती. एक पेन्शनर जांभई दाबायला गेला आणि ती आवाजासकट बाहेर आली. कात्रीबाई कपाटातली पुस्तकं चाळत राहिली. तिने बोललेलं परवडलं असतं.

“बरं! मग तुमचं ते लाडकं ब्याऐंशी घेतो. दोन्हींत काय फरक आहे ते इथे सगळ्यांसमोर दाखवा मला!”

त्याने तावातावाने पानं उलटली.

“‘सासू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सवयीने सासूचं दूध तापवलं. पेला भरला. मग तिच्या लक्षात आलं. ते परत पातेल्यात न ओतता ओट्याशी उभ्या उभ्या तिने स्वतःच पिऊन टाकलं. किती वर्षांनी तिने काहीतरी गरम असताना प्यायलं होतं. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिने पेला विसळला आणि आणखी दूध तापत ठेवलं.’”

ग्रंथपालाचा शिक्का हातातच राहिला. लेखकाने तो परिच्छेद पुन्हा एकदा, मनातल्या मनात वाचला. मग पान उलटलं. मग पुढचं.

“इथे वादळ होतं,” तो म्हणाला. “सासू मरते तिथे मी वादळ लिहिलं होतं. नऊ पानं वादळ! हे माझं नाहीच. छापखान्याने घोळ घातलाय. दुसऱ्याच कुणाची पानं घुसडलीत मेल्यांनी. सोडणार नाही मी त्यांना, कोर्टात खेचीन!”

“छापखान्याने काही केलेलं नाही,” बायको म्हणाली. “मी लिहिलंय ते.”

सगळ्या माना दाराकडे वळल्या. तिने पिशवी खाली ठेवली. इतकी वर्षं आवरून धरलेला राग आता तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

“तुमचं वादळ मला आवडलं नाही. उतरवताना काढून टाकलं.”

“नाही आवडलं तर मला सांगायचंस!” तो ओरडला. “तोंड नव्हतं का तुला?”

“या बाईंना कसं वाटलं, त्यावरून तुम्ही भर उन्हात इथवर तणतणत आलात. अकरा पुस्तकं मी तुमच्या शेजारच्या खोलीत बसून उतरवली. एकदा तरी विचारलंत, तुला कसं वाटलं?”